‘पेट्रिकोर’ : एक शब्दपरीक्षा

परकी भाषेंतील अपरिचित शब्द भेटला असतां त्याच्याशीं कसें वागावें, ह्याविषयीं आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस गेलीं सत्तावीस वर्षें उपदेश करीत आलों आहों. कोश उघडावा, व्युत्पत्ति पाहावी, तो शब्द कोणीं व कोठें वापरला आहे ह्याचा तपास करावा, आणि मगच त्याला आपल्या वाक्यांत जागा द्यावी, असा तो उपदेश आहे. गेल्या वर्षीं सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासतांना ह्या उपदेशाचा भंग झाला, आणि तो विद्यार्थ्यांच्या हातून न होतां आमच्याच हातून झाला.

द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीनें ‘माझा गांव’ ह्या विषयावरील इंग्रजी निबंधांत असें लिहिलें होतें कीं, ऑगस्टमधील एका संध्याकाळीं पाऊस आला, शेतांतून ‘पेट्रिकोर’ उठला, आणि तिची आजी हातांतलें काम टाकून दारांत येऊन उभी राहिली. आम्हीं त्या शब्दावर तांबड्या शाईची आडवी रेघ ओढली, समासांत ‘असा शब्द नाहीं’ असा शेरा दिला, आणि अर्धा गुण कापला. पेट्रोलाच्या जातीचें कांहीं तरी तिच्या मनांत असून वर्णविन्यास चुकला असावा, अशी आमची त्या वेळची समजूत होती. ती येथें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर ती मुलगी आमच्या खोलींत आली आणि दाराशींच उभी राहून म्हणाली, “सर, हा शब्द आहे.” आम्हीं टेबलावरचा कोश पुढें ओढला. हा कोश आम्हीं एम्. ए. च्या वर्गांत असतांना शिष्यवृत्तीच्या पैशांतून घेतलेला. त्याची पाठ दोनदां बांधून झाली आहे. त्यांत तो शब्द नव्हता. आम्हीं तिच्याकडे विजयी मुद्रेनें पाहिलें असावें. कारण तिनें कांहीं न बोलतां आपला मोबाइल पुढें केला. त्यावर त्याच कोशकारांच्या घरची अलीकडची आवृत्ति उघडलेली होती, आणि तींत तो शब्द अर्थासह विराजमान होता. बरेच दिवस कोरडे गेल्यावर पहिला पाऊस पडतो त्या वेळचा सुखद वास, असा अर्थ दिला होता. जें आमच्या कोशांत नाहीं तें भाषेंतच नाहीं, हा हेत्वाभास तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही शोभला नसता.

तथापि आम्हीं एकदम हार पत्करली नाहीं. प्राध्यापकवर्गाला हार पत्करण्याची संवय थोडी. “शब्द आहे हें कबूल, पण तूं केलेला त्याचा उपयोग बरोबर आहे काय, हें पाहिलें पाहिजे,” असें म्हणून आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत ह्या शब्दाविषयीं जें हातीं लागलें त्याचीच ही हकीकत आहे. आणि तींत हा शब्द सध्यां जसा वापरला जातो त्याबद्दलची आमची थोडीशी तक्रारही आहे.

पेट्रिकोर हा शब्द कवीनें घडविलेला नाहीं. तो दोन ऑस्ट्रेलियन रसायनशास्त्रज्ञांनीं घडविला. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस हीं त्यांचीं नांवें. ‘नेचर’ ह्या सुप्रसिद्ध शास्त्रीय नियतकालिकाच्या मार्च १९६४ मधील अंकांत त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. चिकणमातीसारख्या वासाचें स्वरूप काय, हा त्याचा विषय. खनिजांचे अभ्यासक दगडाचा तुकडा हातांत आला कीं त्यावर तोंडाची वाफ सोडतात आणि तो नाकाशीं नेतात. कांहीं दगडांस त्या वेळीं ओल्या मातीचा वास येतो, आणि त्यावरून त्यांची परीक्षा होते. हा वास दगडाचा स्वतःचा कीं उसना, असा प्रश्न ह्या दोघांपुढें होता. त्यांनीं कोरडे दगड व माती घेऊन त्यांतून वाफ सोडली, ती थंड करून गोळा केली, आणि तींतून पिवळसर रंगाचें किंचित् तेल वेगळें काढलें. हें तेल दगडाच्या घटनेचा भाग नव्हे. हवेंत तरंगणारीं, बहुतांशीं वनस्पतींपासून आलेलीं द्रव्यें दगडाच्या व मातीच्या सूक्ष्म रंध्रांत शोषलीं जातात आणि कोरड्या दिवसांत तीं तेथें सांचत राहतात. हवेंत ओल आली किंवा पावसाचे थेंब पडले, कीं पाणी त्या रंध्रांत शिरतें आणि ह्या बिऱ्हाडकरूंस बाहेर काढतें. तोच तो वास. त्या पिवळसर तेलाला नांव नव्हतें. त्याला ‘पेट्रिकोर’ हें नांव देण्यांत आलें.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. मूळ शब्द वासाचा वाचक नव्हता. वास ज्या द्रव्याला येतो त्या द्रव्याचा तो वाचक होता. ह्या एका भेदावर पुढील सर्व विवेचन अवलंबून आहे.

शब्दाची घडण पाहिली म्हणजे हें अधिक स्पष्ट होतें. त्याचा पूर्वार्ध ग्रीक भाषेंतील ‘पेट्रा’, म्हणजे खडक. उत्तरार्ध ‘आयकोर’. होमरच्या ‘इलियड’ महाकाव्याच्या पांचव्या सर्गांत डायोमीडीज हा वीर आपल्या भाल्यानें खुद्द ॲफ्रोडाइटी देवीच्या हाताला जखम करतो, आणि तींतून रक्त न वाहतां आयकोर वाहतो. कारण देव भाकरी खात नाहींत, मद्य पीत नाहींत, म्हणून मर्त्यांचें रक्त त्यांच्या अंगांत नसतें. म्हणजे पेट्रिकोर हा खडकाच्या अंगांतील देवांश झाला. ही कल्पना सुंदर आहे ह्यांत शंका नाहीं. परंतु इंग्रजी वैद्यकांत हाच आयकोर शब्द व्रणांतून झिरपणाऱ्या पातळ, दुर्गंधी स्रावालाही लावीत असत, हें शब्द घडविणारांच्या ध्यानांत होतें कीं नाहीं, कोण जाणे! शब्दांच्या कुळांत असे नातेवाईक असतात. लग्नपत्रिकेंत त्यांचीं नांवें घालीत नाहींत, इतकेंच. ह्या नामकरणांत वासाचा वाचक असा एकही अवयव नाहीं, ही गोष्ट मात्र आमच्या कामाची आहे.

त्या लेखांत आपल्या देशाचाही उल्लेख आहे, आणि तो वाचून आम्हांस थोडें ओशाळल्यासारखें झालें. जें तेल मेलबोर्नच्या प्रयोगशाळेंत १९६४ सालीं नांव पावलें, तें उत्तर प्रदेशांतील अत्तरवाले त्यापूर्वींपासून काढीत होते. कनोजचें मातीचें अत्तर अद्यापही प्रसिद्ध आहे. तलावाच्या मातीच्या थापट्या भाजून त्या तांब्याच्या मोठ्या हंड्यांत, म्हणजे ‘देगे’त, पाण्यासह घालतात, तोंड मातीनें लिंपून बंद करतात, खालीं मंद आंच ठेवतात, आणि वाफ बांबूच्या नळींतून ‘भपक्या’त, म्हणजे दुसऱ्या भांड्यांत, उतरवितात. तेथें चंदनाचें तेल असतें, तें हा वास आपल्यांत घेतें. ऑस्ट्रेलियन पंडितांनीं वाफेनें जें केलें तेंच हें. त्यांनीं नांव दिलें व पृथक्करण केलें. कनोजच्या कारागिरांनीं कुपी भरून ती बाजारांत नेली.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. १९६५ सालीं त्याच दोघांनीं असें दाखविलें कीं, हें तेल बीजांच्या अंकुरणाला अडथळा करतें. ज्या वासानें कवीला सृष्टि अंकुरित झाल्याचा भास होतो, त्या वासाचें द्रव्य बीजाला ‘थांब’ म्हणून सांगतें! त्याच वर्षीं अमेरिकेंत गर्बर व लशव्हालिए ह्यांनीं मातींतील सूक्ष्म जंतूंपासून निघणाऱ्या एका द्रव्याला ‘जिओस्मिन’ असें नांव दिलें. ह्यांत मात्र ‘जी’ म्हणजे पृथ्वी आणि ‘ऑस्मी’ म्हणजे वास, असे दोन्ही अवयव आहेत. बिटाला जो मातकट वास येतो तो ह्याचाच. पावसानंतरच्या वासांत ह्या द्रव्याचाही मोठा वांटा असतो, आणि मनुष्याच्या नाकाला तें अतिशय अल्प प्रमाणांतही ओळखूं येतें. २०१५ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनीं अतिजलद छायाचित्रण करून असें पाहिलें कीं, सच्छिद्र भूमीवर पडलेल्या थेंबाच्या पोटांत हवेचे सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात, ते वर येऊन फुटतात आणि मातींतील कण हवेंत उधळतात. आणि मुसळधार पावसापेक्षां हलक्या व मध्यम पावसांत हें अधिक घडतें.

शास्त्रज्ञांच्या वहींतून हा शब्द लोकांत कसा आला, हें पाहणें मनोरंजक आहे. पुष्कळ वर्षें तो दुर्मिळ शब्दांचा संग्रह करणाऱ्या हौशी मंडळींतच होता. २०११ सालीं बी. बी. सी. च्या ‘डॉक्टर हू’ ह्या मालिकेच्या नील गेमनलिखित एका भागांत तो परवलीच्या शब्दांपैकीं एक म्हणून आला, पावसानंतरच्या धुळीचा वास असा त्याचा अर्थही तेथेंच सांगितला गेला, आणि ज्यांनीं ‘नेचर’ कधीं पाहिलेंही नाहीं त्यांच्या तोंडीं तो बसला. ह्या प्रवासांत द्रव्य गळून पडलें आणि वास तेवढा शिल्लक राहिला. ह्याबद्दल आमची तक्रार नाहीं. आपल्याकडे ‘कस्तुरी’ म्हटलें कीं मृगाच्या नाभींतील द्रव्य डोळ्यांपुढें येत नाहीं, सुवासच येतो. लक्षणेनें अर्थ पुढें सरकणें हा भाषेचा नित्यक्रम आहे, आणि कोशकारांनीं तो मान्य केल्यावर एकट्यानें जुना अर्थ धरून बसणें हा हेकटपणा होय.

आमची तक्रार निराळी आहे. अर्थ पुढें सरकतांना शब्दाची अट मात्र सुटतां कामा नये. पेट्रिकोरची अट कोरडेपणाची आहे. भूमि बरेच दिवस तापलेली असावी, तिच्या रंध्रांत कांहीं सांचलेलें असावें, आणि मग थेंब पडावे. हल्लीं जून उजाडला कीं आमच्याकडील इंग्रजींत लिहिणारे लेखक आणि त्यांच्या पाठोपाठ मराठींत लिहिणारेही, पावसाचा प्रत्येक प्रसंग ह्या शब्दानें शिंपून काढतात. भर श्रावणांत ओथंबलेल्या रानांत पेट्रिकोर, समुद्राच्या वाळूवर भरतीच्या वेळीं पेट्रिकोर, तुंबलेल्या गटारांच्या शहरी रस्त्यावरही पेट्रिकोर! चार दिवस सतत भिजलेल्या मातीला जो वास येतो तो कुजलेल्या पाल्याचा किंवा शेवाळाचा असतो. त्याचेंही वर्णन अवश्य करावें, पण त्याला त्याचें नांव द्यावें. शब्द दुर्मिळ असला म्हणजे तो कोठेंही बसविला तरी शोभतो, ही समजूत दागिन्यांविषयींही खरी नाहीं. तसेंच ‘पेट्रिकोरचा सुगंध’ हा प्रयोग पाहावा. जुन्या अर्थानें तो निर्दोष आहे, कारण तेलाचा सुगंध असूं शकतो. नव्या अर्थानें मात्र तो ‘सुवासाचा सुवास’ होतो. लिहिणारानें कोणता अर्थ घेतला आहे हें आधीं ठरवावें, आणि मग वाक्य लिहावें.

आतां आपल्या भाषेकडे वळूं. ‘मृद्गंध’ हा शब्द मराठी वाचकांस नवा नाहीं. विंदा करंदीकरांच्या ज्या कवितासंग्रहाचें हें नांव आहे तो १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे इंग्रजीला जेव्हां आपल्या शब्दाची उणीव अजून भासावयाची होती, तेव्हां मराठींत हा शब्द पुस्तकाच्या मुखपृष्ठावर होता. ह्यावरून कोणी अभिमानानें असें म्हणेल कीं, पेट्रिकोर म्हणजेच मृद्गंध. आम्हांस हें समीकरण मान्य नाहीं. मृद्गंधांत माती आहे, खडक नाहीं. वास आहे, द्रव्य नाहीं. आणि कोरडेपणाची अट शब्दांत कोठेंच नाहीं. कुंभाराच्या चाकावरील चिखलाला मृद्गंध असतो, नुकत्याच सारवलेल्या अंगणालाही असतो. मृद्गंध ही जाति आहे, पेट्रिकोर ही तिची एक व्यक्ति आहे. आणि मूळ शास्त्रीय अर्थानें घेतल्यास तेंही नाहीं. तेथें ‘मातीचें अत्तर’ हेंच त्याचें योग्य भाषांतर होईल.

ही अट ज्यानें शब्दांत न घालतां प्रसंगांत घातली आहे असा एक कवि आपल्याकडे होऊन गेला. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गांत सुदक्षिणा राणीला डोहाळे लागले आहेत व ती माती खाते. राजा दिलीप एकांतीं तिच्या मुखाचा वास घेतो आणि त्याची तृप्ति होत नाहीं. त्या मुखाला कालिदासानें ‘मृत्सुरभि’ असें विशेषण योजलें आहे. उपमा दिली आहे ती वनांतील डबक्याचा वास घेणाऱ्या हत्तीची; आणि तें डबकें कसें, तर ग्रीष्म सरतांना मेघांच्या थेंबांनीं शिंपलेलें. ग्रीष्म सरतां सरतां, आणि थेंबांनीं! धारांनीं नव्हे. आम्हीं हा श्लोक पंचवीस वेळां तरी वाचला असेल, पण ह्या दोन तपशिलांकडे आमचें लक्ष कधीं गेलें नव्हतें. ते अलंकारासाठीं आले आहेत असें आम्ही समजत होतों. हलक्या पावसाविषयींचे २०१५ चे प्रयोग वाचल्यावर तो सर्ग पुन्हां उघडला, तेव्हां कालिदासानें पाहून लिहिलें आहे, हें आमच्या नीट ध्यानांत आलें.

आणि नैयायिकांचें काय? अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ पढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे कीं, पृथ्वीचें लक्षण गंध हेंच केलेलें आहे. जलाला स्वतःचा गंध नाहीं. पाण्याला वास आला तर तो त्यांत मिसळलेल्या पार्थिव कणांचा. त्या न्यायानें ‘पावसाचा वास’ हा शब्दप्रयोग केवळ लौकिक ठरतो. पण ह्या लक्षणावर एक जुना आक्षेप आहे: दगड पार्थिव आहे आणि त्याला तर वास येत नाहीं. ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’कार विश्वनाथ ह्याचें उत्तर असें देतो कीं, दगडालाही गंध आहे, परंतु तो अनुत्कट असल्यामुळें प्रतीत होत नाहीं, नाहीं तर दगड जाळून झालेल्या भस्माला गंध कोठून येता? विद्यार्थिदशेंत आम्हीं ह्या उत्तरास हंसलों होतों. शब्द वांचविण्यासाठीं केलेली ही कसरत आहे, असें आम्हांस वाटत असे. दोन शास्त्रज्ञ दगडांतून वाफ सोडून त्याच प्रश्नाचा पाठपुरावा करीत आहेत, हें वाचल्यावर हंसू ओसरलें. दोघांचें उत्तर एक नाहीं, हें उघड आहे. मुक्तावलीकार म्हणतो गंध दगडाचाच, मात्र झांकलेला. प्रयोगशाळा म्हणते गंध उसना, दगडानें तो नुसता सांभाळून ठेवला. विश्वनाथ असता तर त्यानें हें तेलही पार्थिवच आहे असें म्हणून वाद पुढें चालविला असता, आणि आम्हांस वाटतें, ती फेरी त्यानें जिंकलीही असती.

ही सर्व सामग्री घेऊन आठव्या दिवशीं आम्हीं त्या विद्यार्थिनीस बोलाविलें. शब्द आहे, वासाच्या अर्थानें त्याचा उपयोग आतां शिष्टसंमत आहे, ‘असा शब्द नाहीं’ हा आमचा शेरा चुकीचा होता, हें सर्व आम्हीं स्पष्ट सांगितलें. “परंतु,” आम्हीं पुढें म्हणालों, “तुझा पाऊस ऑगस्टचा आहे. पहिल्या पावसाची अट तुझ्या वाक्यांत मोडली आहे. तेव्हां अर्धा गुण कापला तो योग्यच होता. कारण तेवढें चुकीचें दिलें गेलें.” आमचें बालपण राजापूरकडे गेलें. तेथें आषाढ संपेपर्यंत भूमीच्या अंगांत कोरडा असा कणही उरत नाहीं, आणि ऑगस्टमध्यें वास येतो तो न वाळलेल्या कपड्यांचा. आमचा युक्तिवाद आम्हांस बिनतोड वाटत होता.

ती म्हणाली, “सर, मी माणची आहे. त्या सालीं रोहिणींत एकदां शिंतडून गेला तो गेलाच. मृग कोरडा, आर्द्रा कोरडी. नागपंचमी उलटून गेल्यावर आला तो आमचा पहिलाच पाऊस होता.”

साताऱ्याचा माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहे. त्या बाजूस पावसाचा भर बहुधा सप्टेंबरांत असतो. हें आम्ही भूगोलांत शिकलों होतों, आणि उत्तरपत्रिका तपासतांना विसरलों होतों. आजी हातांतलें काम टाकून दारांत कां आली, हेंही आम्हीं स्वतःस विचारलें नव्हतें. तो तपशील आम्हांस नुसता भावपूर्ण वाटला होता, आणि त्याला आम्हीं एक गुण दिलाही होता. खोळंबलेल्या पेरणीच्या घरांत त्या वासाचा अर्थ काय असतो, हें त्या वाक्यांत होतें. कोशाची अट त्या मुलीनें पाळली होती. ती अट आम्हीं आमच्या गांवच्या पावसावर पारखीत होतों.

तिला आणखी एक विचारलें: “तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात?” ती थोडा वेळ आठवीत राहिली. “नांव असें नाहीं कांहीं, सर. आजी नुसतें म्हणते, ‘वास सुटला.’” कशाचा, तें आजी सांगत नाहीं, आणि तें कोणी विचारीतही नाहीं. जेथें वर्षभर लोक एकाच वासाची वाट पाहतात तेथें नामाची गरज पडत नाहीं. क्रियापदावर काम भागतें. मराठी निबंधांत हा प्रसंग लिहावयाचा झाल्यास पेट्रिकोर, मृद्गंध कीं आजीचें वाक्य, ह्यांपैकीं काय घालावें, असें तिनें जातां जातां विचारलें. आम्हीं आजीच्या बाजूनें मत दिलें. पण इंग्रजी निबंधांत तिनें पेट्रिकोर लिहिला तेंही योग्यच होतें, कारण त्या भाषेंत तिच्या आजीच्या क्रियापदाला जागा नव्हती.

तांबडी रेघ पुसली जात नाहीं. मुद्रितें तपासणारे करतात त्याप्रमाणें आम्हीं खोडलेल्या शब्दाखालीं टिंबें दिलीं, समासांतील शेरा काट मारून त्यापुढें आद्याक्षरें घातलीं, आणि अर्धा गुण परत केला. बेरीज बदलल्यामुळें गुणपत्रकही परीक्षाविभागाकडे दुरुस्तीसाठीं पाठवावें लागलें, आणि दुरुस्तीचें कारण ह्या रकान्यांत काय लिहावें ह्याचा विचार करण्यांत आमचा बराच वेळ गेला.